शिवानीच्या कुपीतला कण

मी चरबीचा एक कण बोलतोय. माझ्यासारखे हजार जण ओळीनं उभे केले, तर तुमच्या एका केसाची जाडी भरेल. परवा कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत मी जन्मलो आणि आज निकामी झालोय. माझ्याकडे वेळ थोडा आहे.

मला कुणी हातानं घडवलं नाही. केसाएवढ्या बारीक नळीत, तिथं औषध बनवणाऱ्या तेजस्वीताईंनी एका बाजूनं चरब्या विरघळवलेलं अल्कोहोल सोडलं, दुसऱ्या बाजूनं आंबट पाणी. त्या पाण्यात एक नाजूक धागा होता. शिवानीच्या यकृतातली जन्मजात चूक दुरुस्त करायचा निरोप त्यावर होता. दोन्ही प्रवाह भिडले. पाण्याला बिचकून चरब्या एकमेकींना बिलगल्या. त्यांतल्या एकीला आंबट पाण्यात धाग्याची ओढ लागते. तिनं त्याला पोटाशी घेतलं. पापणी लवायच्या आत मी झालो. मग ताईंनी अल्कोहोल काढलं, आंबटपणा घालवला आणि मी शांत झालो.

शिवानी नऊ वर्षांची. तिच्या रक्तात अमोनिया साठतो. तो वाढला की ती आईलाही ओळखत नाही. वडील जोतीराम राधानगरीकडचे, घरी आठ म्हशी.

रक्ताची पिशवी असो की औषध, पेशंटच्या माणसानंच ते दवाखान्यात न्यायचं, ही इथली रीत. आज सकाळी ताईंनी आमची कुपी डब्यात घालून जोतीरामकडे दिली.

"काका, गार राहिलं पाहिजे."

"मॅडम, गार ठेवायचं मला शिकवू नगा. जल्म दुधात गेलाय."

गोठू देऊ नका, हे सांगायचं ताईंकडून राहिलं.

वाटेत त्यानं बर्फवाल्यापुढं डबा उघडला. "पोरीचं औषध हाय. दाबून भर की." वर स्वतः मूठभर खडेमीठ टाकलं, जत्रेत पॉट आइस्क्रीमला टाकतात तसं. मिठानं बर्फ आणखी गार झाला आणि कुपीतलं पाणी गोठू लागलं. बर्फाचे काटे घुसले, अंग फाटलं, शेजारचा कण माझ्यात कालवला गेला. धागा निसटला. मी ओरडत होतो, पण माझा आवाज तो केवढा.

"बाबा, म्हशीचं औषध न्हाई न्हवं?" दवाखान्यातल्या कॉटवरून शिवानीनं विचारलं.

"म्हशीला एवढा बर्फ कोण घालतंय," तो हसला.

डॉक्टरांनी डबा उघडला आणि गोठलेली कुपी पाहून ताईंना बोलावून घेतलं. कुपीतलं वितळल्यावर ताईंनी ती उजेडात धरली. आत पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या.

"नासलंय की ह्ये," जोतीराम म्हणाला. कुणाला सांगावं लागलं नाही. "मिठानं झालं काय, मॅडम?"

ताईंनी कुपी खाली ठेवली.

"दुसरं कवा मिळंल?"

"तीन आठवडे लागतील, काका."

डॉक्टरांनी शिवानीच्या अमोनियाचा सकाळचा रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला.

मला टाका दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. शिवानीला मात्र मला टोचू नका. ताई, नव्या कुपीसाठी नळी आजच धुवायला घ्या. तुम्ही तीन आठवडे थांबाल, अमोनिया थांबणार नाही. आणि निघण्याआधी त्या माणसाला मिठाच्या प्रश्नाचं उत्तर द्या. काय सांगायचं राहिलं, तेही सांगा. मीठ टाकलेला त्याचा हात लेकीच्या कपाळावर आहे. आपल्याच त्या हाताची त्याला भीती वाटू देऊ नका.