परत आलेला हात

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ओळीने निळे प्लॅस्टिकचे टब मांडले होते, प्रत्येक टबात विजेच्या तारेला जोडलेली एक डबी आणि कुणाचे तरी पाय होते आणि प्रत्येक टबातलं पाणी आधी चहासारखं, मग काढ्यासारखं, मग सरळ गटारासारखं होत चाललं होतं. मागे ताटकळलेले लोक टाचा उंचावून दुसऱ्याच्या पायांतून निघणारी घाण बघत होते. स्वतःची घाण बघायला माणसं इतक्या हौसेने रांग लावतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मंचावर मोकळेसर होते. हे त्यांचं आडनाव नव्हे. दर दोन वाक्यांनी ते "झालं मोकळं" म्हणतात, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. अंगात सफारी, गालाशी माइक, चेहऱ्यावर जावयाचा रुबाब.

"मेंदूची नस तुंबली की डॉक्टर काय करतो? तार घालतो. अरे, घाण वर, उतार खाली. तिला पायांतून वाट करून द्या, ती आपली आपण येते. गुरुत्वाकर्षण कुणाच्या बापाचं नाही. झालं मोकळं."

टाळ्या पडल्या. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. माझ्या वर्गातल्या सगळ्यात ढ मुलानेही गुरुत्वाकर्षणाचे असे हाल केले नव्हते.

पुढच्याच ओळीत माझा धाकटा भाऊ टबात पाय सोडून बसला होता. शेजारी त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, त्याचा टॉवेल सांभाळत होती. मी त्याला तिथून उठवून घरी न्यायला आले होते. त्याने मला बघितलं, ओशाळं हसला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शब्द आलाच नाही. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला, उजवा हात मांडीवरून घसरून लोंबायला लागला.

गाडी बोलवा, हॉस्पिटलमध्ये न्यायचंय, असं मी ओरडले असेन. पण मोकळेसर मंचावरून उडी मारून आले आणि त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "कुणी हलवायचं नाही. मोठा खडा सुटलाय. निघताना अशी ओढ लागतेच." मला दोन बायांनी दंडाला धरून मागे ओढलं. थोड्या वेळाने भावाची बोटं हलली. मग त्याने हात उचलला, माझ्याकडे बघितलं आणि स्वच्छ म्हणाला, "ताई."

त्या टाळ्या माझ्या कानांतून जात नाहीत. आग लागल्याची घंटा वाजावी आणि लोकांनी तिच्या तालावर नाचावं, तसं ते होतं.

भाऊ धंद्याने प्लंबर. त्याच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी आतून जाड होऊन अरुंद झाली होती. पहिल्यांदा हात गेला तेव्हा हातातला पाना पायावर पडला. थोड्याच वेळात हात जागेवर आला, म्हणून तो काम संपवून घरी आला. मी ओढून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त पातळ राहायच्या गोळ्या दिल्या, कोलेस्टेरॉलची दिली, रक्तदाब आणि तंबाखू दोन्ही खाली आणायला सांगितलं. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं, म्हणाल्या. याचं भागलं नाही. गोळ्या चालू असताना पुन्हा हात गेला, पुन्हा परत आला. मग त्यांनी स्टेंटचं काढलं. जांघेतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची, अरुंद जागी इवलासा फुगा फुगवायचा आणि तिथे धातूची जाळीदार नळी बसवायची, म्हणजे वाट उघडी राहते.

भावाने एकच प्रश्न विचारला, "गॅरंटी?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. गॅरंटी नाही म्हणाल्या. काही जणांना ते काम चालू असतानाच झटका येतो, पण तुमच्या बाबतीत काहीच न करण्यात धोका जास्त आहे. येत्या गुरुवारी करू. भाऊ मान हलवून बाहेर आला आणि जिन्यात म्हणाला, ज्याला कामाची गॅरंटी देता येत नाही त्याला काम येत नाही. त्याची सगळी गिऱ्हाइकं त्याला हाच प्रश्न विचारायची आणि तो छातीवर हात ठेवून गॅरंटी द्यायचा. तिथून तो मोकळेसरांकडे गेला आणि त्यांनीही छातीवर हात ठेवला. वर सांगितलं, गोळ्या बंद करा, गोळ्यांनी घाण आतल्या आत थिजते.

हॉलमधून तो हॉस्पिटलला यायला तयार झाला नाही; पण घरी आल्यावर मी गप्प बसणार नव्हते. मोरीत बादली ठेवली, पाण्यात मूठभर मीठ टाकलं, दोन लोखंडी खिळे सोडले आणि ते माझ्या स्कूटरच्या बॅटरीला जोडले. बघता बघता पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, वर घाणेरडा फेस. बादलीत कुणाचेही पाय नव्हते. मोकळेसरांच्या टबात सोडलेल्या डबीतही लोखंडाच्या पट्ट्याच असतात. पाण्यातून वीज गेली, मीठ असलं, की लोखंड गंजतं आणि पाणी मळतं. पहिल्या दिवशी मीठ जास्त टाकतात, शेवटच्या दिवशी चिमूटभर. पाणी आपोआप नितळ दिसतं आणि गिऱ्हाईक खूश.

भावाने वाकून वास घेतला. जुन्या पाइपांतलं पाणी अंगावर घेत त्याचा जन्म गेला होता. तो हसला.

"गंज आहे. टबातही हाच वास होता. पाणी खोटं, ताई. मान्य."

मला वाटलं, जिंकले.

"पण माझा हात गेला होता की नाही? तुझ्या डोळ्यांदेखत गेला. आणि सरांनी डोकं धरल्यावर परत आला. तो काय गंजाने आला?"

"आपोआप आला. आधीही आलाच होता. पहिल्या वेळी तर गोळीसुद्धा नव्हती. तेव्हा कुणी डोकं धरलं होतं तुझं?"

तो बॅटरीच्या तारा सोडवायला लागला. मग मी त्याच्याच भाषेत सांगितलं. अरुंद जागी रक्ताची गुठळी अडकते, विरघळून पुढे सरकते, रक्त पुन्हा वाहतं. जागा अरुंद ती अरुंदच. "नळाला पाणी आलं म्हणून लाइन साफ झाली, असं तू गिऱ्हाइकाला सांगतोस का?"

"नाही सांगत," तो म्हणाला. "पण मी तुंबा काढायला जुन्या लाइनीत स्प्रिंग घालतो ना, तेव्हा कधी कधी लाइनच फुटते. वरून चांगली दिसते आणि आतून पापड झालेली असते. हे तुझ्या डॉक्टरणीपेक्षा मला जास्त माहीत आहे. माझ्या डोक्यात कुणी तार घालायची नाही."

तेव्हा मला कळलं की मोकळेसरांवर त्याचा विश्वास नव्हताच. त्याला भीती होती, आणि मोकळेसरांनी त्या भीतीला बसायला पाट दिला होता. रक्तवाहिनी म्हणजे लोखंडी पाइप नव्हे, आणि ते काम डोळे मिटून होत नाही, पडद्यावर बघत तसूतसूने होतं, हे मी घसा फोडून सांगितलं. भीतीला कान नसतात. त्याने ताट पुढे ओढलं आणि विषय संपला.

गुरुवार आला आणि गेला. पुढच्या आठवड्यात सकाळी दाढी करताना त्याच्या हातातला ब्रश पडला आणि तो बेसिनखाली कोसळला. भावजयीने हॉस्पिटलला फोन केला नाही. तिने मोकळेसरांना केला. सर म्हणाले, शेवटचा खडा आहे, पाय मिठाच्या पाण्यात ठेवा, येईल परत. ती पाय पाण्यात धरून बसली. बिचारीने त्याचा हात परत आलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तिने वाट पाहिली. दुपारी तिचा फोन मला आला, तेव्हा त्याला हॉस्पिटलला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूची चित्रं दाखवली. वाहिनी पुरती बंद, मेंदूचा तेवढा भाग मेलेला. मी म्हटलं, आता स्टेंट घाला. त्या म्हणाल्या, "बाई, वाट उघडून रक्त कुणाला पोचवू? पलीकडे कुणी उरलं नाही. सकाळी लगेच आला असता तर काहीतरी करता आलं असतं." त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त लागलं.

तो जगला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मला बघितलं की तो "ताई" म्हणायचा प्रयत्न करतो आणि नुसता वारा बाहेर येतो. मग तो रडतो, मीही रडते. याला सांत्वन नाही.

संतापाच्या भरात मी बादली, मीठ, खिळे, बॅटरी घेऊन त्याच हॉलमध्ये गेले. सगळ्यांसमोर पाणी तपकिरी करून दाखवलं. भाऊ कसा पडला तेही सांगितलं. लोक पुढे सरकून बघत राहिले. मला वाटलं, एवढ्याने तरी डोळे उघडतील.

मोकळेसर मंदपणे हसले. "बघा मंडळी. बाईंनी पाण्यात पायसुद्धा घातले नाहीत, नुसत्या जवळ उभ्या राहिल्या, तरी त्यांच्या मनातला राग बादलीत उतरला. आता तुम्हीच सांगा, शास्त्र आहे की नाही?" हॉल हसला. भावाने उपचार अर्धवट सोडला असणार, असं मागून कुणी तरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी बादली रस्त्याकडेला ओतत होते, तेव्हा एक बाई मागे आली. तिने हळूच विचारलं, मी सांगितलं ते खरं का. तिच्या नवऱ्याचा हात सकाळी गेला होता, आता ठीक आहे. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, आत्ता, या पावली हॉस्पिटलला जा, मी येते सोबत. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला पटलं होतं, ते मला दिसत होतं.

"जाते ताई," ती म्हणाली. "इतकं थांबून यांचा नंबर लागलाय. तेवढा झाला की लगेच जाते." आणि ती आत गेली.

तुम्ही हे वाचताय, म्हणून तुम्हाला सांगते. पाणी का मळतं ते विसरलात तरी चालेल. एवढं लक्षात ठेवा: हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं आणि थोड्या वेळात सगळं ठीक झालं, तर कुणी तुम्हाला बरं केलेलं नाही. शरीराने एकदा सावध केलंय. त्याच घटकेला हॉस्पिटल गाठा, आणि जो डॉक्टर गॅरंटी देत नाही त्याचं नीट ऐका. हात परत आला, या आनंदात घरी बसू नका. माझ्या भावाचा हात तीनदा परत आला होता.