बरोबर चाळीस

कॉलेज सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, आणि एका संध्याकाळी प्रीती स्वयंपाकघरात येऊन, भेंडी चिरत बसलेल्या आईच्या शेजारी भिंतीला टेकून रडली. इंदूबाईंनी विळी पायानं बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि पोरीला रडू दिलं. काय झालं ते तिच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. बारावीपर्यंत गणित तिला कधी अडलं नव्हतं. पण इथं गणित नुसतं सोडवायचं नव्हतं. ते कसं सोडवायचं हे एका मशीनला पायरीपायरीनं सांगायचं होतं, आणि ते मशीन सांगितल्याच्या बाहेर तसूभरही सरकत नव्हतं. बाकीच्या मुलांच्या पडद्यावर काही ना काही उमटत होतं, हिच्या पडद्यावर नुसत्या चुका.

प्रॅक्टिकलच्या मॅडमनी तिला एक उपाय सांगितला होता. लिहिलेला प्रोग्राम घरी कुणाला तरी मोठ्यानं सांगायचा, आणि तोही ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला.

"मंग तुह्या बापाले सांग ना," इंदूबाई म्हणाल्या.

"बाबाले थोडंसं समजते. काहीच नाही समजत असं घरात तूच आहे."

इंदूबाई हसल्या. "हे तं खरं आहे," म्हणून त्यांनी विळी पुन्हा पुढं ओढली. "सांग."

हुडकेश्वरला नव्यानं वाढलेल्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. प्रीतीचे बाबा रवींद्र बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीनं कामाला, आणि इंदूबाई आसपासच्या एकट्यादुकट्या माणसांना जेवणाचे डबे द्यायच्या. डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या झाकणावर त्यांनी ऑइल पेंटनं नंबर घातले होते. संध्याकाळची भाजी चिरायची ती वेळ, तीच आता प्रीतीची झाली.

पहिला प्रोग्राम निकालाचा होता. मार्क सांगितले की मशीननं पास की नापास ते सांगायचं. प्रीती मांडी घालून बसली आणि ओळीओळीनं सांगू लागली.

"पहिले मशीन मार्क विचारते."

"मंग?"

"चाळीसच्या वर असन तं पास लिहिते."

"मंग?"

"चाळीसच्या खाली असन तं नापास लिहिते. झालं."

इंदूबाईंनी एक भेंडी किडकी निघाली ती बाजूला टाकली. "मंग ज्याले बरोबर चाळीस भेटले त्याचं काय?"

प्रीती एकदम उठली, आतल्या खोलीत पळाली, आणि लॅपटॉपवर चाळीस घालून पाहिलं. मशीन काहीच बोललं नाही. चाळीसवाला बिचारा ना पास ना नापास, तसाच अधांतरी. तिनं एक चिन्ह बदललं आणि तिथूनच ओरडली, "आई, जमलं वं!"

तेव्हापासून इंदूबाईंचा दिवस त्या घटकेकडं तोंड करून सरकायला लागला. सकाळचे डबे, दुपारची भांडी, सगळं हातानं होत राहायचं. मन मात्र संध्याकाळच्या भाजीपाशी जाऊन बसलेलं. एकदा टाकी भरेपर्यंत मोटर चालवायचा प्रोग्राम होता. प्रीती सांगत होती, पाणी कमी आहे तोवर मोटर चालू. इंदूबाईंनी विचारलं, "मंग पाणी किती झालं ते पाहाले कोण जाते?" कुणीच जात नव्हतं. पाण्याची पातळी पुन्हा मोजायची ओळच राहिली होती, आणि ती मोटर जगाच्या अंतापर्यंत चालली असती. इंदूबाईंना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. न कळलेली गोष्ट त्या विचारायच्या, एवढंच. चूक प्रीतीची तिलाच सापडायची, आणि सापडली की तिचा चेहरा असा उजळायचा की इंदूबाईंना वाटे, याच्यासाठी आपण जन्मभर भाजी चिरू.

दिवाळीच्या आधी प्रीतीची मैत्रीण मुग्धा अभ्यासाला आली. दोघी स्वयंपाकघरातच बसल्या. मुग्धा भराभर बोलत होती, आणि सवयीनं इंदूबाईंनी मध्ये "मंग?" म्हटलं. मुग्धा थांबली आणि अगदी गोड हसून म्हणाली, "काकू, तुम्हाला कळतंय का हे सगळं?" पोरीच्या मनात वाईट काही नव्हतं. प्रीतीही हसली. पण इंदूबाईंच्या हातातला कांदा तसाच राहिला. लेक इतकी जीव तोडून सांगते, आणि आपण भिंतीसारखे मंग मंग करत बसतो. भिंतीला सांगून पोरगी किती दिवस खूश राहील?

दुसऱ्या दिवशी पाच नंबरचा डबा घेऊन त्या मार्तंड सरांकडं गेल्या आणि दारातच थांबल्या. मार्तंड सर शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, घरी एकटे. इंदूबाईंनी चाचरत विचारलं, प्रीती शिकते ते मला शिकवाल का? सरांनी डबा टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसला. बऱ्याच दिवसांत त्यांच्याकडं कुणी काही शिकायला आलं नव्हतं. त्या दुपारी त्यांचं जेवण थंड झालं.

सरांनी जुनं पुस्तक काढून आधी स्वतः वाचलं, आणि मग इंदूबाईंना त्यांच्याच डब्यांवर शिकवलं. डबा म्हणजे मशीनच्या आठवणीतली जागा. डब्यात चिठ्ठी ठेवायची, चिठ्ठीवर आकडा. नवी चिठ्ठी आत गेली की जुनी बाहेर. अनेक आकडे ठेवायचे तर डब्यांची रांग, आणि रांगेतल्या प्रत्येक डब्याला नंबर. इंदूबाईंना ते इतकं पटलं की घरी परतताना रस्त्यानं त्या मनातल्या मनात चिठ्ठ्या बदलत यायच्या. घरी मात्र कुणाला सांगितलं नाही. लेकीला एकदम चकित करायचं होतं.

तशी वेळही आली. थंडी पडली होती, विळीपुढं मेथीची जुडी होती. पाच गावांचं तापमान घेऊन सगळ्यांत मोठं कुठलं ते शोधायचं होतं. प्रीती म्हणाली, "सगळ्यात मोठा म्हणून आधी शून्य धरते, आणि मंग एकेक पाहत जाते."

"शून्य काहून धरते?" इंदूबाई म्हणाल्या. "सगळीच गावं बर्फाची असतीन तं शून्यच मोठं निघन. पहिल्या गावाचाच आकडा धर ना."

हे कुठं शिकली, प्रीतीनं विचारलं. मग सरांचं सगळं बाहेर आलं, आणि प्रीतीनं मेथीच्या पानांसकट आईला मिठी मारली. रात्री बापालाही सांगितलं, आई इंजिनिअर होऊन राहिली म्हणून. त्या रात्रीइतक्या सुखानं इंदूबाई क्वचितच झोपल्या असतील.

पुढचं इतक्या हळू झालं की त्यांना कळलंही नाही. प्रीती दोन ओळी सांगायची, आणि तिसरी त्याच सांगून मोकळ्या व्हायच्या. चूक प्रीतीच्या तोंडून निघते न निघते तोच त्या पकडायच्या. एकदा नाही, लागोपाठ तीनदा त्यांचं बरोबर निघालं. मंग म्हणायचं आता कारणच उरलं नव्हतं. मंग काय ते त्यांना माहीत होतं. प्रीतीचं भिंतीला रेलणं बंद झालं, मांडी घालून ती ताठ बसू लागली, आणि बोलण्याआधी मनात वाक्य जुळवू लागली. तोंडी परीक्षेला बसल्यासारखी.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सरासरीचा प्रोग्राम होता. सात दिवसांचा पाऊस रांगेत ठेवायचा, बेरीज करायची, भागायचं. प्रीती म्हणाली, "शून्य नंबरपासून मोजाले सुरुवात करते."

"पहिल्या डब्याचा नंबर शून्य? अवं, एक असते." इंदूबाईंनी ओट्यावरच्या झाकणाकडं बोट दाखवलं. रांगेत पहिला डबा, त्यावर लाल रंगात एक.

"मॅडमनं शून्य सांगितलं होतं."

"नीट ऐकलं नसन तू. मांगच्या वेळीही शून्यच धरलं होतं ना चुकीचं?"

प्रीती त्या झाकणाकडं पाहत राहिली. मग तिनं वहीत शून्याचा एक केला.

त्या मशीनच्या भाषेत पहिल्या जागेचा नंबर शून्यच असतो. मार्तंड सरांनी ते सांगितलं नव्हतं. डबे एकपासून मांडलेले होते आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. परीक्षेत तसलाच प्रश्न आला. प्रीतीच्या मशीननं पहिला दिवस गाळला, रांगेच्या शेवटाबाहेरचं काहीतरी उचललं, आणि सरासरी म्हणून एक भलतीच लांबलचक संख्या दाखवली. वेळ संपेपर्यंत तिला चूक सापडली नाही. त्या विषयात ती कशीबशी सुटली.

घरी येऊन ती रागावली नाही, रडलीही नाही. इंदूबाईंनी खोदखोदून विचारलं तेव्हा कुठं शून्याचं कळलं. माझ्याच्यानं झालं हे, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. प्रीतीनं त्यांना थांबवलं.

"त्या एक नंबरचं काही नाही वं आई. चुका तं माझ्या रोजच होतेत. पण पहिले कुठं अडली की मी मनातच तुले सांगत होती. तू मनातच मंग म्हणत होती, आणि मले दिसत होतं. आज सांगायले गेली, तं तू मनातच उत्तर देऊन राहिली होती. मले माझं काही दिसेच ना."

एवढं बोलून ती हात-पाय धुवायला गेली.

इंदूबाई सरांकडं गेल्या तेव्हा डबा न्यायची वेळ नव्हती. सरांनी सगळं ऐकलं. रांगेतल्या पहिल्या नंबरची चूक आपली, हे त्यांनी लगेच कबूल केलं. मग ते म्हणाले, "इंदूबाई, उत्तर माहीत असताना गप्प बसायला शिकण्यात माझी सगळी नोकरी गेली. तरी पुरतं जमलं नाही. तुम्हाला ते आयतंच येत होतं, आणि मी तुम्हाला उत्तरं शिकवत बसलो."

"आता विसरता येते का सर?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

दुसरं सत्र सुरू झालं. प्रीती अभ्यास आतल्या खोलीत करू लागली, दार लोटून. कधी फोनवर मुग्धाशी बोलणं चालायचं, शहरी मराठीत, मध्ये हसणं. तिचं चांगलं चाललं होतं. जेवताना ती आईशी नीट बोलायची, डबे भरू लागायची. फक्त संध्याकाळी भाजी चिरायच्या वेळी स्वयंपाकघरातली ती भिंत रिकामी असायची. इंदूबाईंनी दोनतीनदा विचारून पाहिलं, आज मशीन काय म्हणते? प्रीती म्हणायची, "झालं ते, आई."

उन्हं तापायला लागली होती. अशाच एका संध्याकाळी प्रीती आली आणि भिंतीला टेकून बसली. हातात ना वही, ना लॅपटॉप.

"आई, एक प्रोग्राम सांगू?"

इंदूबाईंनी विळी जवळ ओढली. त्यांना वर बघवेना. "सांग."

"निकालाचा आहे. पहिले मशीन मार्क विचारते."

निकालाचा. हा प्रोग्राम पहिल्या महिन्यातला. दुसऱ्या सत्रात असलं कुणी शिकवत नाही, हे इंदूबाईंना आता पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एका भेंडीचं देठ कापलं, मग टोक कापलं.

"मंग?"

"चाळीसच्या वर असन तं पास."

"मंग?"

"चाळीसच्या खाली असन तं नापास." प्रीती थांबली. "झालं."

प्रीतीनं चाळीसचं भोक जिथल्या तिथं ठेवलं होतं. लहान पोराला सापडावं म्हणून आईनं हातातला खाऊ अर्धा दिसेल असा लपवावा, तसं. इंदूबाईंनी मान वर केली. प्रीती त्यांच्याकडंच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत धास्ती होती, आई ओळखेल की काय याची.

"मंग," इंदूबाई म्हणाल्या, "ज्याले बरोबर चाळीस भेटले त्याचं काय?"

"पाह्य बरं," प्रीतीनं कपाळावर हात मारून घेतला, जरा जास्तच जोरात. "माझ्या ध्यानातच नाही आलं."

ती उठली नाही, पळाली नाही. आतल्या खोलीत लॅपटॉप बंदच होता. दोघी थोडा वेळ हसल्या. मग इंदूबाईंनी पुढची भेंडी घेतली.