तळ्याच्या राखणदाराचा नारळ

दाजी धुरींचा हट्ट म्हणजे हट्ट. परक्या विहिरीत बादली सोडायची तरी आधी तिथल्या राखणदाराची, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची, परवानगी घ्यायची, हा त्यांचा कायदा. मग लेक विनीता पार उत्तर ध्रुवाकडच्या एका तळ्यात नळे खुपसून दहा हजार वर्षांचा चिखल उपसणार म्हटल्यावर ते गप्प बसतात होय? ती तोंडवलीहून निघाली तेव्हा त्यांनी तिच्या बॅगेत शेंडीचा नारळ कोंबलाच.

"पाण्याक हात लावच्या आदी थंयच्या राखणदाराक दी. परक्याची जागा ती."

आणि विनीतानं दिला हो! एवढी शिकलेली पोर, पण बापाचा शब्द मोडवेना. बरोबरची माणसं तंबू ठोकत होती, तेवढ्यात तिनं काठावरच्या खडकावर नारळ फोडला, सगळं राख म्हणून राखणदाराला गाऱ्हाणं घातलं, एरवी जमलेल्या लोकांनी म्हणायचं "होय म्हाराजा" आपलं आपणच म्हटलं. नारळाचं पाणी तळ्यात सोडलं. मग तिथल्याच पाण्यात सगळे नळे विसळून घेतले. घात झाला तो तिथं.

त्या चिखलात थरावर थर होते आणि प्रत्येक थरात त्या त्या काळच्या झाडापाल्याच्या डीएनएचे बारीक तुकडे. बर्फ हटल्यावर आधी गवत आलं की विलोची खुरटी झुडपं, ती यायला किती काळ लागला, हे त्यावरून कळणार होतं. आज तिकडे पुन्हा ऊब वाढतेय, पुढे काय उगवेल याचा अंदाजही त्यातूनच येणार होता. विनीताची तीन वर्षं त्यात गेली होती.

नारळी पौर्णिमेला ती घरी आली आणि ऐन सणाच्या दुपारी तिच्या संशोधनाच्या गाइडबाईंचा फोन आला. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या. सगळ्या थरांत नारळाचा डीएनए सापडतोय, अगदी तळच्या थरातसुद्धा.

"नारळ तेवढा वगळला तर?" विनीतानं विचारलं. पण उत्तर तिला ठाऊक होतं. ज्या पाण्यातून नारळ नळ्यांत शिरला, त्याच पाण्यातून काठावरची आजची विलोही शिरली असणार. नारळ परका म्हणून ओळखू तरी आला. जुनी विलो कुठली नि आजची कुठली, ते आता कुणी छातीठोक सांगू शकणार नव्हतं.

"मी परत जाते. पुन्हा काढते चिखल."

बाई म्हणाल्या, तळंच राहिलं नाही. या उन्हाळ्यात काठाची गोठलेली जमीन वितळली, काठ फुटला आणि तळं गाळासकट वाहून गेलं.

"काय झाला गो?" दाजींनी विचारलं.

"चिखलात नारळ गावलो, बाबा. अगदी तळाक."

पुढचं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण दाजी कसले थांबतात! "नारळ पावलो! तळापर्यंत पोचलो!" म्हणत ते अंगणात गेले नि शेजारच्या शेवंतीला हाका मारू लागले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला ही बातमी कळली. विनीताचा जीव नुसता तळमळत होता. त्या आनंदी तोंडावर सांगायचं कसं?

किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता. दाजींनी समुद्राला द्यायचा नारळ लेकीच्या हातात ठेवला. "तू घाल गाराणा. तुझो नारळ पावता."

तिला तो उचलवेना.

"बाबा, ता तळा आता नाय. फुटला, व्हावान गेला. माझा सगळा काम फुकट गेला."

नारळामुळेच घात झाला हे दाजींना कळलं नव्हतं, आणि तिलाही आता ते सांगायचं नव्हतं.

"मगे राखणदार?" त्यांनी लहान मुलासारखं विचारलं. "नारळ घेतल्यान ना? मगे राखल्यान कित्याक नाय?"

पलीकडे कुणीतरी आपल्या होडीसाठी गाऱ्हाणं घालत होतं. लोक एका सुरात ओरडले, "होय म्हाराजा!"