ओल्या जाळ्याची बरकत

मित्रांनो, आभाळातून एक दगड पडला आणि लोणार साऱ्या जगाला ठाऊक झालं. त्यानंतर पडून नाव कमावणारा या तालुक्यातला दुसरा मी. अर्थात माझं नाव कोणी घेत नाही. ‘ते गोणीतलं आण बे’ एवढ्यावर माझी ओळख संपते. आणि त्या दगडाच्या सरोवरात मला एकदाही टाकलेलं नाही, कारण तिथं मासेच नाहीत.

मी मासे ओढायचं एक जुनं जाळं आहे. गुलाबराव आणि जनकाबाई या नवरा-बायकोनं नऊ वर्षांपूर्वी कडुनिंबाखाली बसून दोन उन्हाळे मला विणलं. जनकाबाईची गाठ घट्ट, गुलाबरावांची सैल; मी फाटलो तो नेहमी त्यांच्याच बाजूनं. आसपासच्या पाच गावांत शेततळी झाली, जाळं मात्र एकच. त्यामुळे मला सतत मागणी. मला परत करायची एक रीत होती: धुवायचं नाही, वाळवायचं नाही, ओलंच द्यायचं. ‘जाळं धुतलं की बरकत वाहून जाते,’ असं गुलाबराव सांगत. अंगाला जितका वास, तितका माझा मान. मीही फुगून बसायचो.

जनकाबाई जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबली. तीन वर्षांपूर्वी घरच्या तुकड्यात शेततळं झालं, ते मात्र तिचं. काठावर तिनं ताटली वाजवली की रोहू-कटले गोळा व्हायचे. सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत जास्त खाणाऱ्या एका शेपूटतुटक्या कटल्याला ती ‘सरपंच’ म्हणायची.

यंदा दिवाळीनंतर शेजारगावच्या हिंमतरावांनी मला नेलं. त्यांच्या तळ्यातले मासे काठाला अंग घासत होते, मध्येच उसळत होते. मसुराच्या डाळीएवढे चपटे किडे माझ्या दोऱ्यांना चिकटले. मला वाटलं, पाहुणे आहेत.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांनी गोणी आणून दिली. “जसंच्या तसं हाये. धुतलं नाही का वाळवलं नाही.”

माणूस असावा तर असा, म्हणत गुलाबरावांनी मासे किती वाढले ते बघायला त्याच सकाळी मला जनकाबाईच्या तळ्यात ओढलं.

दोन-तीन आठवड्यांत ताटली वाजली तरी मासे येईनात. जे आले त्यांच्या अंगावर लाल चट्टे, पर झडलेले. मेलेले मासे गुलाबराव टोपल्यानं नाल्यात टाकून देत. काही दिवसांनी नाल्यातल्या मरळीही पांढरं पोट वर करून तरंगू लागल्या. त्यांची मोजदाद कोणी केली नाही.

गावातली समता मत्स्यशास्त्र शिकलेली. ती आली, एक मासा उलटापालटा करून बघितला. “काकू, ही माशाची ऊ हाये. रक्त पिते. तिनं केलेल्या जखमेतून मंग जंतू शिरतात, अंग सडते.”

“ऊ?” जनकाबाई म्हणाली. “माशाले केस तरी हायेत का वं?”

“नाहीत, म्हणून त विंचरता येत नाही.” हसलं कोणीच नाही. समतानं विचारलं, “काका, जाळं कोणाकडे गेलं होतं?”

“घरीच होतं,” गुलाबराव म्हणाले.

मित्रांनो, मी तेव्हा त्यांच्या पायाशीच गोणीत होतो. साक्षीदार हजर होता. पण जाळ्याला तोंड नसतं, नुसती भोकं असतात. जाळ्याचा संशय गेला, म्हणून ऊ आली कुठून हे शोधत समता चार दिवस पाणीच तपासत बसली आणि औषध लांबलं. नंतर औषध झालं, चुना झाला. तोवर सरपंच काठाला लागला होता. जनकाबाईनं त्याला दोन्ही हातांवर घेतलं, जखमेवर बोट फिरवलं. “याले म्या खायले बोलवलं होतं,” एवढंच म्हणाली.

त्याच दुपारी शंकरराव आले. त्यांचं तळं नाल्यापलीकडे. “गुलाबराव, जाळं द्या. उद्या ओढतो. ओलं हाये ना?”

जनकाबाई ताटली घासत होती. तिनं ती पुसली आणि फळीवर पालथी ठेवली. गुलाबराव ते बघत राहिले.

“नाही देत,” ते म्हणाले. “माह्या जाळ्यात रोग हाये.”

“द्याचं नसन त तसं सांगा. बहाणे काऊन करता?”

“हिंमतरावाच्या तळ्यातून आला. मले शरम वाटली, म्हणून समतापाशी लबाड बोललो. हिचे मासे म्या मारले.”

जनकाबाई वळलीसुद्धा नाही. “हे चार दिवसांआधी बोलले असते,” ती म्हणाली, “त सरपंच जिता असता.”

शंकरराव माझ्याविनाच गेले. गुलाबरावांनी मला धुतलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मग कुंपणावर टाकलं. जनकाबाईचं तळं आता आटवलंय. तळाला चुना पसरलाय.

मित्रांनो, माझ्या वासात बरकत कधीच नव्हती. जाळं असो की बादली, एका तळ्यातून दुसऱ्यात नेण्याआधी धुवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मेलेला मासा खड्ड्यात चुना टाकून पुरा. नाल्यातल्या माशांना कोणी समता भेटत नाही. विचारलं तर खरं सांगा, आणि लवकर सांगा.

बाकी माझं काही मागणं नाही. फक्त कुंपणावरचा दोडका माझ्यावर चढतोय, त्याची सावली पडते. तेवढा जरा सरकवा.