बदामाच्या फांदीवरचा डाग

बागेतून केलेल्या व्हिडिओ कॉलवर मला पाहून हृषीकेशचा चेहरा खर्रकन उतरला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दहा महिने मी याच चेहऱ्याची वाट पाहत होते.

२०२०च्या जुलैत ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युराजवळच्या बदामबागेत तो मॅनेजर, मी छाटणीची सुपरवायझर. पाऊस लागला होता. छाटलेल्या फांदीच्या ओल्या जखमेत बुरशी शिरते, थांबू या, असं मी कानीकपाळी ओरडले. तो म्हणाला, "कोविडमुळे बॉर्डर बंद आहे, शुक्रवारनंतर माणसं मिळणार नाहीत. जस्ट कट, चिन्मयी!" डिसेंबरच्या उन्हाळ्यात फांद्या वाळू लागल्या, तेव्हा त्याने वर कळवलं की चिन्मयीने करवती धुतल्या नाहीत, म्हणून रोग पसरला. माझी नोकरी गेली, तिच्यावरचा व्हिसा लटकला. कुठेही अर्ज केला की 'घाणेरड्या करवतीवाली' ही कीर्ती माझ्याआधी तिथे हजर.

अखेर टूवूंबाच्या, झाडांचे रोग तपासणाऱ्या एका लॅबने घेतलं. आणि बागेच्या मालकीणबाई, रेखाताई, यांनी तपासणीसाठी नेमकी हीच लॅब निवडली. आज त्याही कॉलवर होत्या.

"रोग नर्सरीच्या रोपांतूनच आलाय," हृषीकेश म्हणाला.

"मग खोडही सडलेलं असेल. फांदी खोडापर्यंत उभी काप की, आम्हाला दाखव."

त्याने कापलं. घाम पुसत. छाटणीच्या जुन्या जखमेपासून तपकिरी डाग खाली उतरला होता आणि हातभर अंतरावर संपला होता. त्याखालचं लाकूड स्वच्छ.

"ही बुरशी पावसाच्या थेंबांनी पसरते. करवतीने नाही," मी चवीचवीने सांगितलं.

"पण आपण कोरड्यातच छाटलं होतं," तो म्हणाला. "बागेच्या डायरीत तशी नोंद आहे."

रेखाताईंनी विचारलं, "पाऊस होता हे कोण सांगणार?"

हृषीकेश कॅमेऱ्यात बघून हसला. त्याला पक्कं माहीत होतं, मी बोलणार नाही. कारण पावसात कापायला मी नकार दिला होता, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले होते. लॅबच्या मुलाखतीतसुद्धा.

त्याचं ते हसू मला सहन होईना.

"मी सांगते," मी म्हणाले. "या झाडाची अख्खी रांग मी स्वतः कापली, रेखाताई. भर पावसात. झाडं मरणार हे माहीत असताना, व्हिसासाठी. आणि हा छत्री धरून माझ्या शेजारी उभा होता."