न जुळलेला ठसा

तिला सगळे भिंग म्हणत. नाव ठेवणारा तिचा दादाच. लहानपणापासून दुसऱ्यांच्या कामातली खोट काढायची तिला खोडच होती. पुढे दादा सॉफ्टवेअर लिहायला लागला आणि भिंग सॉफ्टवेअर तपासायला.

घरच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांसाठी एक संस्था गुप्त घरं चालवायची. या बायकांना संस्थेशी बोलता यावं म्हणून दादानं संदेशसेवा बनवून दिली होती. ती कुणाचंही ठिकाण साठवत नाही, हे कुणालाही पडताळता यावं म्हणून तिचा सगळा कोड त्यानं उघडा ठेवला होता. पण दाखवायचा कोड एक आणि सर्व्हरवर चालवायचा दुसरा, असंही होऊ शकतं. म्हणून भिंग जाहीर कोडवरून आपल्या मशीनवर प्रोग्राम तयार करायची आणि त्याचा ठसा काढायची. ठसा म्हणजे एक लांबलचक आकडा. प्रोग्राममध्ये एक अक्षर जरी बदललं तरी तो पार बदलतो. सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोग्रामचा ठसा तिच्या ठशाशी जुळलाच पाहिजे.

"बहीण आहात म्हणून नाही," संस्थेच्या ताई तिला नेमताना म्हणाल्या होत्या, "भावालाही सोडत नाही म्हणून तुम्हाला घेतेय."

त्या सकाळी ठसे जुळले नाहीत.

आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिनं दुसऱ्या, कोऱ्या मशीनवर सगळं पहिल्यापासून केलं. तिचे दोन्ही ठसे तंतोतंत एक आले. वेगळा होता तो सर्व्हरचा. 

तिनं रिक्षा पकडली आणि दादाचं ऑफिस गाठलं. तो चहा ढवळत होता.

"सर्व्हरवर काय चालवतोयस?"

"जे जाहीर केलंय तेच."

"मग ठसा का जुळत नाही?"

"असेल काहीतरी किरकोळ. तपासणीवर सही करून टाक, संध्याकाळी बघतो."

"आत्ता बघ. चालू आहे त्या प्रोग्रामची प्रत दे मला."

दादाचा चमचा थांबला. त्यानं उठून दार लावलं, तेव्हाच तिला कळून चुकलं.

"मागच्या आठवड्यात काही संदेश अडकत होते," तो हळू आवाजात म्हणाला. "नेमके कुठून पाठवलेले अडकतात ते कळावं म्हणून प्रत्येकीचं ठिकाण एका फाइलमध्ये लिहून ठेवायला लावलं. थेट सर्व्हरवरच. काढणार होतो."

"कधी?"

"काढणार होतो गं! आत्ता काढतो, फाइल पुसतो. तू परत तपास, जुळेल. वर सांगायची काय गरज आहे? माझं नाव मातीत जाईल."

भिंगनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "ती फाइल फक्त सर्व्हरवरच आहे?"

दादानं लॅपटॉप पुढे ओढला. सर्व्हर भाड्यानं देणारी कंपनी रोज सगळ्याची एक प्रत काढून ठेवायची, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानं घाईघाईनं ती प्रत कुणी उघडली त्याच्या नोंदी काढल्या. वाचता वाचता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. काल कुणीतरी प्रत उघडून नेमकी तेवढीच फाइल उतरवून घेतली होती. उघडणाऱ्याचं खातं त्याच्या ओळखीचं नव्हतं.

भिंगनं त्याच्यासमोरच ताईंना स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"सेवा बंद करू?" तिनं विचारलं.

"थांबा. आधी एकेका घरी मी स्वतः फोन करते, नाहीतर त्या बायकांना वाटेल आपण त्यांना वाऱ्यावर सोडलं. मग बंद करा." ताईंचा आवाज जराही हलला नाही. "आजच्या आज सगळ्यांना हलवते."

दादा पुढे वाकला. "ताई, माझी गाडी मोठी आहे. सामान न्यायला येतो."

"नाही. नवे पत्ते तुम्हाला कळता कामा नयेत."

ताईंचा निरोप येताच त्यानं सेवा बंद केली आणि कपाळ टेबलाला टेकवलं. दुपारभर दोघं तिथंच बसून राहिली. फोन वाजला की दोघंही दचकायची. एका बाईच्या लेकीला ताप होता, ती घर सोडायला तयार नव्हती. शेवटी डॉक्टरला सोबत घेऊन तिला हलवलं. उन्हं कलली तेव्हा ताईंचा निरोप आला: सगळ्या सुखरूप.

दुसऱ्या दिवशी त्याच बाईनं सोडलेल्या रिकाम्या घराचं दार एका माणसानं लाथा घालून तोडलं. पोलिसांनी त्याला धरल्यावर सगळं बाहेर आलं. त्यानं बायकोचा माग काढायला सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीतल्या एका नोकराला फितवलं होतं.

भिंगनं ठसा न जुळल्याचं जाहीर केलं. त्याखाली दादानं आपण काय केलं ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं, कुठंही सारवासारव न करता. पुढची आवृत्ती दुसऱ्याच कुणीतरी सर्व्हरवर चढवली. भिंगनं ती तपासली, ठसा जुळला.

त्यानंतर बरेच दिवस बहीण-भाऊ बोलले नाहीत. मग एकदा त्याचाच फोन आला.

"आई विचारत होती, तुमचं भांडण झालंय का."

"काय सांगितलंस?"

"जे झालं ते. सगळं."

"मग?"

"रडली. मग म्हणाली, तिला जेवायला बोलाव."

"येते," भिंग म्हणाली.