दुपट्याचा नमुना

तपासायचं म्हणजे कापायचं, ही गोष्ट नापासबाईंच्या हातांत इतकी मुरली होती की त्याचं कुणाला वाईट वाटू शकेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

लहान मुलांचे कपडे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्या कामाला होत्या. कारखान्यांकडून झबली, लंगोट, चादरी, गाद्यांच्या खोळी यायच्या आणि बाई त्यांचे हाल हाल करायच्या. बटणं यंत्राच्या चिमट्यात धरून उपटेपर्यंत ओढायच्या. कापडाची पट्टी पेटवून ज्योत किती झपाट्याने वर चढते ते बघायच्या. दुसरी पट्टी नकली घामात बुडवून रंग सुटतोय का, ते पाहायच्या. यातून जे झबलं सहीसलामत सुटायचं, त्याच्याही शेवटी चिंध्याच व्हायच्या. पास झालेलं झबलं कधी कुठल्या बाळाच्या अंगावर गेलं नाही. गेली ती त्याची भावंडं.

नापासबाई हे नाव त्यांना तिथेच चिकटलं. पाठीमागे म्हणतात ते त्यांना माहीत होतं. एकदा दाराआडून ऐकू आलं, तेव्हा त्या आत जाऊन शांतपणे म्हणाल्या होत्या, "नापास मी करत नाही, कापड होतं." सगळे हसले. आपण विनोद केला, हे बाईंना घरी गेल्यावर कळलं.

घरी हे सांगायला कुणी नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न करून दुसऱ्या शहरात राहत होती. दोन खोल्या इतक्या नीटनेटक्या असायच्या, की सकाळी टेबलावर ठेवलेला चष्मा संध्याकाळी त्याच कोनात भेटायचा. दर रविवारी मुलीचा फोन यायचा. "जेवलीस?" "जेवले. तू?" "जेवले." मग हवा कशी आहे ते व्हायचं, आणि मग दोघींनाही दुसऱ्या कामाची आठवण व्हायची.

मुलीला दिवस गेले आणि तो फोन बदलला. आता मुलगी विचारायची आणि बाईंकडे उत्तर असायचं.

"बाळाला उशी कसली घेऊ?"

"उशी नको."

"आणि पलंगाच्या कठड्याला आतून बांधतात ती मऊ गादी? फार गोड दिसते गं."

"ती तर मुळीच नको. तोंड त्यात रुतलं तर एवढ्याशा जिवाला मान सोडवून घेता येत नाही."

"टोपी तरी?"

"घरात झोपताना नको. अंगातली जास्तीची उष्णता बाळ बरीचशी डोक्यावाटे बाहेर टाकतं. गळ्याशी नाडी नको, जवळ खेळणं नको, वर सुटं पांघरूण नको."

"मग त्याला द्यायचं तरी काय, आई?"

"सपाट, टणक गादी. तिच्यावर घट्ट बसणारी चादर. पाठीवर निजवायचं. आणि हवा."

मुलगी खदखदून हसली. "अगं, बाळ आहे ते, नमुना नाही!"

बाईंनाही हसू आलं. त्या संध्याकाळी त्या बाजारात गेल्या आणि सुती झबली घेऊन आल्या, प्रत्येक जातीची दोन दोन. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "जुळी आहेत वाटतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "एक कापायला."

दुकानदाराने घाईने पिशवी त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

असे काही आठवडे बाईंचे मोठे सुखात गेले. एक झबलं यंत्रावर जायचं, पास झालं की त्याचं भावंड धुऊन, घडी घालून मुलीच्या पत्त्यावर. मुलगी प्रत्येक पार्सलाचा फोटो पाठवायची. बाई तो फोटो कामावर धुलाईताईंना दाखवायच्या. धुलाईताई म्हणजे कापड धुतल्यावर किती आटतं ते मोजणाऱ्या. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत असल्याने घरीसुद्धा ओरडूनच बोलणाऱ्या. "नशीबवान नातवंड हो!" त्या ओरडायच्या. "जन्माच्या आधीच सगळ्या परीक्षा पास!"

मग एका रविवारी मुलगी म्हणाली, "आई, एक दुपटं पाठवतेय. माझ्या सासूबाईंनी जाण्याआधी शिवून ठेवलेलं. तो म्हणतो, बाळ घरी आणताना ह्यातच गुंडाळून आणायचं. जरा तपासून सांगशील, चालेल का?"

"सांगते," बाई म्हणाल्या. मुलीने आपणहून काही तपासायला पाठवावं, याचा त्यांना फार आनंद झाला.

पार्सल प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं. बाईंनी ते इतर नमुन्यांसारखं तापमान आणि ओलावा ठरलेला असलेल्या खोलीत रात्रभर पसरून ठेवलं. सकाळी पत्र्याचा साचा वर ठेवला, खडूने रेघा मारल्या आणि मोठी कात्री घेतली. एक पट्टी कोपऱ्यातून, एक कडेची, एक बरोबर मधोमध, कारण नुसत्या कडेवरून सगळ्या कापडाबद्दल बोलता येत नाही. तिसरी पट्टी कापून होते तोच धुलाईताई आल्या.

"हे कुणाचं हो?"

"मुलीने पाठवलंय. तिच्या सासूबाईंनी शिवलेलं."

"अगं बाई. म्हणजे त्या वारलेल्या?" धुलाईताईंचा आवाज खाली आला. इतका खाली आलेला तो बाईंनी कधी ऐकला नव्हता. "मग ह्याचं दुसरं कुठंय?"

"दुसरं?"

"हे हातानं शिवलंय, मॅडम. ह्याला दुसरं नसतं."

बाईंनी हातातल्या कात्रीकडे पाहिलं. दुपट्याच्या मधोमध एक लांबट, सरळ कडांची खिडकी पडली होती. तिच्यातून खालचं टेबल दिसत होतं.

खोटं बोलणं बाईंना जमणारं नव्हतं. त्यांनी आधी पट्ट्या तपासून घेतल्या आणि मग दुपारी मुलीला फोन लावला.

"दुपटं चालणार नाही," त्या म्हणाल्या. "आतलं भरण नकली धाग्याचं आहे, जाड आहे. त्यातून हवा जवळजवळ जातच नाही. मी पट्ट्या कापून..."

"कापलंस?"

"तीन ठिकाणी. नियम असा आहे की..."

"आई, तू ते कापलंस?"

"तपासून सांग म्हणालीस."

मग मुलगी अगदी हळू म्हणाली, "मी त्याला काय सांगू आता?" आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी बाईंनीच लावला, तो जावयाने उचलला. "ती पडलीय जरा," तो म्हणाला. "तुमची तब्येत बरी आहे ना?" आवाज सभ्य होता. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. दुपट्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही, आणि बाईंचीही जीभ रेटली नाही.

आणि एका सकाळी मुलीचा निरोप आला. मुलगा झाला. दोघं ठीक. फोटो नव्हता. बाईंनी निरोप धुलाईताईंना दाखवला.

"अरे वा! जाणार कधी?" त्यांनी ओरडून विचारलं.

"अजून बोलावलं नाही," बाई म्हणाल्या.

"आजीला काय आमंत्रण लागतं?" धुलाईताई म्हणाल्या खऱ्या, पण मग त्यांना एकदम कुठलं तरी यंत्र बंद करायचं आठवलं.

त्या रविवारी बाईंनी फोनची वाट पाहायची नाही असं ठरवलं आणि दुपटं उसवायला घेतलं. भरण टाकून वरचं सुती कापड तेवढं वाचवावं, असा त्यांचा विचार होता. जुन्या सदऱ्यांचे तुकडे होते, धुऊन धुऊन मऊ झालेले. टाके बारीक होते, पण ओळी मधूनच वाट चुकून परत जागेवर यायच्या. विहीणबाई एकदाच निवांत भेटल्या होत्या, लग्नाच्या आदल्या दिवशी. जाड भिंगांच्या चष्म्यातून पाहत त्यांनी सुईदोरा पुढे केला होता. "तेवढा ओवून देता? मला हल्ली सुईचं भोक दिसत नाही, अंदाज दिसतो." आणि स्वतःच हसल्या होत्या. बाईंनी सुई ओवून दिली होती. त्यापलीकडे दोघींचं बोलणं असं झालंच नाही.

भरण ओढून काढताना बाईंच्या बोटाला काहीतरी टोचलं.

त्यांनी ते दिव्याखाली धरलं. सुईचं मोडकं टोक होतं, तांदळाच्या दाण्याहून लहान, थोडं गंजलेलं. भरणाच्या जाडीत रुतून बसलेलं. आज ना उद्या ते कापडातून वर आलं असतं.

बाईंच्या मनात आधी बाळाचा विचार आला, आणि मग दुसराच एक. त्यांनी टोक पांढऱ्या कागदावर ठेवलं, शेजारी मोजपट्टी ठेवली आणि फोटो काढला. फोटो झकास आला. मुलीच्या नावाखाली त्यांनी लिहिलं: दुपट्यात हे सापडलं. कापलं नसतं तर

पुढचं लिहायची गरजच नव्हती. एवढं गेलं की संपलं. उद्याच फोन आला असता. मुलगी रडली असती, जावई माफी मागत बसला असता. बाईंचं बोट पाठवायच्या खुणेवर होतं.

सुई मोडल्यावर विहीणबाईंनी काय केलं असेल, ते त्यांना दिसू लागलं. टोक शोधलं असेल. चष्मा पुसून पुन्हा शोधलं असेल. दुपटं झटकलं असेल, त्यावरून हात फिरवला असेल, आणि जमिनीवर पडलं असणार असं मनाला सांगून दुसरी सुई घेतली असेल. ती कुणाकडून ओवून घेतली असेल? घरात त्याही एकट्याच असायच्या.

बाईंनी लिहिलेलं पुसलं. फोटोही पुसला. टोक चिकटपट्टीत गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर मोडक्या सुयांच्या डबीत टाकलं. एवढ्या वर्षांत निकाल हाती असून तो कळवला नाही, असं पहिल्यांदाच घडलं.

मग त्यांनी त्या कापडाची झोपपिशवी शिवली. बिनबाह्यांची, टोपी नसलेली, दुहेरी सुती कापडाची, आत भरण काही नाही. गळा असा, की डोकं आत घसरू नये. पायांशी ऐसपैस, की लाथा झाडता याव्यात. पुढे चेन, आणि ती हनुवटीला लागू नये म्हणून वर कापडाचं टोपण. जिथे पट्ट्या कापल्या होत्या तिथे सपाट जोड दिले. विहीणबाईंचे टाके उसवल्यावर कापडावर भोकांच्या रांगा राहिल्या होत्या. बाईंनी त्याच भोकांतून पुन्हा दोरा नेला. जिथे ओळ वाट चुकली होती, तिथे त्याही चुकल्या. पिशवी सुई शोधणाऱ्या यंत्राखालून उलटसुलट दोनदा काढली, धुतली, वाळवली, आणि आमंत्रण नसताना बाई गाडीत बसल्या.

दार जावयाने उघडलं. डोळे जागरणाने लाल, खांद्यावर दुधाचा डाग.

"आई. या ना," तो म्हणाला, आणि दारातून जरा उशिराच बाजूला झाला.

मुलगी पलंगावर बसली होती. तिने आईकडे पाहिलं, मग खिडकीकडे. शेजारी कठड्याचा छोटा पलंग होता. बाई त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. टणक गादी, घट्ट चादर. उशी नाही, मऊ गादी नाही, टोपी नाही, खेळणं नाही. त्या एवढ्या मोकळ्या पांढऱ्या जागेत मूठभर मूल पाठीवर झोपलं होतं, दोन्ही हात डोक्याशी टाकून.

"सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे आहे," मुलगी म्हणाली. "बघून घे."

बाईंनी पाहिलं. नाव ठेवायला जागा नव्हती. सांगताना त्यांना हे कधी इतकं रिकामं दिसलं नव्हतं.

त्यांनी पिशवी काढून जावयासमोर धरली. त्याला ते काय आहे हे कळायला एक क्षण लागला. मग त्याचा अंगठा एका निळ्या तुकड्यावर थांबला.

"हा बाबांचा सदरा," तो म्हणाला. अंगठा टाक्यांवरून वाकड्या ओळीपर्यंत गेला. "आईला ओळ सरळ धरता यायची नाही शेवटी शेवटी." मग त्याने वर पाहिलं. "त्यात आणखी काही वाईट नव्हतं ना? हिने सांगितलं, भरण जाड होतं म्हणून."

बाईंच्या बोटाला ती टोच आठवली.

"भरण तेवढं बाळाला चालण्यासारखं नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाकी टाके फार मनापासून घातलेले होते."

त्याने पिशवी उलटून आतले जोड पाहिले. "तुमचं बरोबरच होतं, आई. मला मान्य आहे. पण विचारलं असतंत, तर मीच कापून दिलं असतं."

बाईंनी मान हलवली.

"तपासलीस का ही?" मुलीने खिडकीकडे पाहतच विचारलं.

"न कापता जेवढी तपासता येते, तेवढी."

मुलीच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू म्हणावं इतकंही नाही. तेवढ्यात बाळ कुरकुरलं. बाईंचे हात आपसूक कठड्यावरून आत गेले आणि मध्येच थांबले.

"घेऊ का?" त्यांनी विचारलं.

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो कठड्यापासून एक पाऊल मागे सरकला.

"आधी हात धू," मुलगी म्हणाली. "गाडीतून आलीयस."

न्हाणीघरात बाईंनी नळ सोडला. मनगटं धुतली, बोटांच्या बेचक्या धुतल्या, नखांच्या कडा धुतल्या, आणि मग पुन्हा सगळं धुतलं. आरशात पाहायचं त्यांनी टाळलं. बाहेर दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होती. शब्द कळत नव्हते. मग बोलणं थांबलं आणि पिशवीची चेन वर ओढल्याचा बारीक आवाज आला.

बाईंनी नळ बंद केला, आणि तो आवाज पुन्हा येतो का ते ऐकत ओले हात तसेच धरून उभ्या राहिल्या.